रिकाम्या खुर्चीचे फोटो

४ जून
खोली मिळाली! तिसरा मजला, एक खाट, एक लाकडी खुर्ची आणि खिडकी अशी, की सकाळचं ऊन थेट खुर्चीवर येऊन बसतं. घरमालकीण काकूंनी बजावलं, मित्रांचा गोंधळ चालणार नाही. म्हटलं, कॉलेज सोडल्यापासून मित्र मला बघून रस्ता ओलांडतात, निर्धास्त राहा.

मामाचा जुना कॅमेरा सोबत आहे. फोटो काढून वेबसाइटवर चढवायचे. जाहिरातवाले, मासिकवाले विकत घेतात, दर विक्रीमागे थोडे पैसे आपले. दादा म्हणाला, खुर्चीचे फोटो घेणार कोण, तुझे सासरे? त्याच्याशी बोलणं बंद केलंय. मॅडमला मात्र कल्पना पटली. मॅडम म्हणजे माझ्याहून वर्षाने लहान, पण हुकूम सोडते म्हणून मॅडम. तिच्या घरी स्थळं येऊ लागलीत. मी कमावता झालो, की ती घरी माझा विषय काढणार.

७ जून
फोटोसोबत कीवर्ड द्यावे लागतात, म्हणजे गिऱ्हाईक जे टाकून शोधेल ते शब्द. वेबसाइट फोटो बघून स्वतःच शब्द सुचवते, नको ते आपण खोडायचे. माझ्या रिकाम्या खुर्चीला तिने सुचवलं: खुर्ची, खिडकी, ऊन, वृद्ध स्त्री, बसलेली. मॅडमला सांगितलं, तर म्हणाली, बरंय, सासूबाई माझ्याआधीच येऊन बसल्या. ते शब्द खोडले.

११ जून
एकही विक्री नाही. डोकं फिरलं. कीवर्ड निवडत बसायला मी काय रिकामटेकडा आहे? तेच फोटो पुन्हा चढवले, सुचवलेलं सगळं जसंच्या तसं ठेवून. संध्याकाळी विक्री सुरू झाली. वृद्ध स्त्री शोधणाऱ्याने रिकामी खुर्ची का घ्यावी, देव जाणे. मला काय, खपतंय ना.

१५ जून
शब्द बदलतायत. काल: वृद्ध स्त्री, उभी. आज: वृद्ध स्त्री, जवळून, हसू. खोलीत मी एकटाच. तरी वाकून खाटेखाली पाहिलं आणि स्वतःलाच शिवी हासडली. शब्द खोडले नाहीत. विक्री जोरात आहे.

१६ जून
मॅडम आली. माणसांचे फोटो जास्त खपतात म्हणून तिला खुर्चीत बसवलं. पोट आत घेऊ का, की सासूबाईंना असंच चालेल, म्हणाली. एकच फोटो काढला. मग ती निघाली. मी हात हलवायला खिडकीत उभा राहिलो.

ती रस्त्यावर आलीच नाही. वाटलं, काकूंपाशी गप्पा मारत बसली असेल.

फोटो चढवला. फोटोत ती स्पष्ट दिसतेय, हसतेय. सुचवलेले शब्द: खुर्ची, खिडकी, ऊन, रिकामी, कुणीही नाही.

१७ जून
ती घरी पोचलेली नाही. तिच्या भावाने येऊन माझी कॉलर धरली, कपाट उपसलं, बहीण कुठे लपवलीस म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, चढताना दिसली, उतरताना नाही. तो पोलिसांकडे गेला. एरवी मी त्याच्यावर हात टाकला असता. आज हात उचललाच नाही.

मग रिकाम्या खोलीचा फोटो काढून चढवला.

सुचवलेले शब्द: दोन स्त्रिया. एक वृद्ध, एक तरुण. दंड घट्ट धरलेला.

१८ जून
फोटोमागून फोटो काढतोय. तिची खबर एवढीच —

मुलगी, दार, मुठी.

दार सताड उघडलं. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. पुन्हा —

मुलगी, दार, अंधार. वृद्ध स्त्री, फणी, केस विंचरणे.

दार तर उघडंच आहे. तिला का दिसत नाही —

१९ जून
मुलगी, पांढरे केस.

ती या खुर्चीत बसली, फोटो निघाला, आणि — म्हणजे वाट तीच. कॅमेरा खाटेवर ठेवलाय. आधी मोठ्याने सांगितलं, की मी येतोय. सांगून एक फोटो काढला.

मुलगी, कॅमेऱ्यासमोर, आडवे हात, नकार.

नकार. तिचं पहिलं उत्तर नेहमी नाहीच असतं. सिनेमालासुद्धा आधी नाहीच म्हणाली होती —

टायमर लावला. बसलो. वही मांडीवर. टायमरचा दिवा लुकलुकतोय. काकू जिन्यावरून ओरडतायत, पोलीस आलेत म्हणून. येऊ देत. मानेवर कुणाचा तरी —

मॅडम, जरा सरक, मी