आत्याबाईंचं चालणं

प्रिय आत्याबाई,

एकाच घरात राहणारी सून सासूला पत्र कशाला लिहील? पण तुम्ही जाऊन महिना होत आला, आणि बसायला आलेली माणसं एकच वाक्य मागे ठेवून गेली आहेत : "अक्का चालून चालून गेल्या." काल तुमच्या दिंद्रुडच्या भावजयीनंही मला तेच ऐकवलं. शेवटच्या सकाळी तुमच्याबरोबर मी होते. म्हणून जे झालं ते एकदा तुमच्याशीच नीट बोलून घेते.

तुमचे तळपाय जळायचे. दुपारी तुम्ही न्हाणीच्या ओल्या फरशीवर उभ्या राहायच्या. शेवटी मी तुम्हाला बीडला डॉक्टरकडे नेलं. शुगर निघाली. गोळ्या लिहून देऊन ते म्हणाले, "आणि रोज चालायचं."

तुम्ही विचारलंत, "कुणाकडं?"

"कुणाकडं नाही, बाई. नुसतं जायचं आणि परत यायचं."

एसटीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "डॉक्टर शिकलेला हाय, पण काहीबी बोलतो. काम न्हाई, धाम न्हाई, बाईमाणूस रस्त्यानं नुसतं कशापायी हिंडंल?"

तरी तुम्ही निघालात! लिंगपूजा आटोपली की दुधाची किटली हातात घ्यायची आणि मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागायचं. कुणी विचारलंच तर, दूध आणायला. चार दिवसांत दुकानात एकानं मामंजींना विचारलं, "शेठ, घरची म्हैस आटली काय?"

मामंजी संतापून घरी आले. "लोक हसायलेत. दुकानदाराच्या घरची बाई सकाळी सकाळी रस्त्यानं फिरायली म्हणून."

तुम्ही भाकरी थापत होतात. मान वर न करता म्हणालात, "पाय माझे जळायलेत. लोकाचे न्हाई जळत."

दुसऱ्या दिवशी किटली घरीच राहिली. मामंजींनी एवढंच केलं की मला तुमच्याबरोबर पाठवलं. सून सोबत असली की बरं दिसतं. मला त्याचा रागच आला होता. स्वयंपाक कोण करणार? पण मग सवय झाली. तुम्ही लुगड्याखाली पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेत, त्या दिवशी तर मी दोन पावलं मागूनच चालले. तुम्हाला ते कळलं होतं.

रस्त्यावर तुम्ही वेगळ्याच व्हायच्या. घरात 'मीठ दे', 'दार लाव' यापलीकडे न बोलणारी बाई मला माहेरच्या विहिरीत पोरांच्या आधी उडी मारल्याचं सांगत होती! लग्नानंतर कधी पोहलात का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "लग्नानंतर बादलीच."

हळूहळू शुगर उतरली. आग कमी झाली. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली.

ते दिवस मात्र उलट्या दिशेचे, लोकांचं चालणं सुटण्याचे होते. गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या आल्या, बाजारात एसटीडीची केबिन आली, मामंजींनी स्कूटर घेतली. कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा ते स्कूटरवर जायला लागले. बीपीची गोळी आठवली तर घ्यायचे. "चला की माझ्यासोबत," तुम्ही म्हणायच्या. ते हसायचे.

मग त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं की थोडं थोडं चालवा, हात हलवत ठेवा. पण घरी आल्यावर ज्यानं त्यानं खाटेकडे बोट दाखवलं. आराम द्या. हलवू नका. आणि मामंजींनाही खाट बरी वाटली, कारण पाय फरफटताना कुणी बघणार नव्हतं.

तुम्ही मात्र समोर उभ्या राहिलात. "उठा."

"लोक बघायलेत."

"बघू द्या. मला बघितलं तवा काय मेले का मी?"

अंगणात, सगळ्यांदेखत, त्यांचा हात तुम्ही खांद्यावर घेतलात. त्या घरात नवरा-बायकोला एकमेकांच्या इतकं जवळ मी पहिल्यांदा पाहिलं. मामंजी तुम्हाला शिव्या देत होते आणि चालत होते. पावसाळा सरेपर्यंत ते दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. स्कूटर विकली.

आता त्या सकाळचं. निघताना तुमच्या कपाळावर घाम होता. मी विचारलं तर म्हणालात, "वारं धरलंय छातीत. चाललं की मोकळं हुईल." पुलाच्या कठड्यावर तुम्ही बसलात. "जरा बसू," एवढंच बोललात. जीप थांबवून मी तुम्हाला दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

मागून मी डॉक्टरांना भेटले. सरळ विचारलं, चालण्यानं गेल्या का? ते म्हणाले, "चालल्या म्हणून इतकी वर्षं बऱ्या राहिल्या. पण छातीत दुखत असताना चालायला नको होतं. त्या दिवशी इकडे यायला पाहिजे होतं."

म्हणजे लोक चूक आहेत आणि तुम्हीही, आत्याबाई. रात्रीपासून दुखत होतं हे तुम्ही मामंजींना सांगितलंत, मला नाही. का? मी चालू दिलं नसतं म्हणून?

तुम्हाला शेतात समाधी दिली त्या दिवसापासून मामंजी खाटेवर आहेत. डाव्या हाताची बोटं वळायला लागली आहेत. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "राहू दे आता. आई चालून गेली, अण्णांनाबी घालवायचं का?" मामंजींच्या सेवेला एखादा गडी बघतो म्हणाले होते, तो काही मिळाला नाही.

इतक्या वर्षांत मी मामंजींशी दाराआडूनच बोलले. आज चहा घेऊन आत गेले आणि खाटेसमोर उभी राहिले.

"मामंजी, उठायचंय."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "कुणाला धरून?"

"मला."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी तिथंच उभी राहिले. चहा निवला. मग ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "उद्या."

तर उद्या उजाडलं की त्यांचा हात मी माझ्या खांद्यावर घेणार आहे. पदर सावरायला हात मोकळा नसेल, नसू दे. यांनी अडवलं तर डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना ऐकवीन. मामंजींना मात्र आधीच बजावणार आहे : छातीत काही झालं तर त्याच क्षणी मला सांगायचं, आणि मीही माझं काही लपवणार नाही. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची सून,
सुनंदा
पाटोदा