‘दिसला नाही’ ही नोंद मागे घेणार नसल्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
ग्रामपालिका कार्यालय,
हिर्वासवारा, लॅपलँड, फिनलंड.

विषय : ध्रुवप्रकाश ‘दिसला नाही’ अशी संकेतस्थळावर केलेली नोंद मागे घेण्यास नकार कळवण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पर्यटन अधिकारी श्री. तोपी केस्तिला यांचे मला आलेले जानेवारीतील पत्र.
२) त्यांचेच दुसरे पत्र, ज्यात पहिल्यापेक्षा जास्त शब्दांखाली रेघा मारलेल्या आहेत.

महोदया,

१. मी, खाली सही करणारी तैमी ओरायार्वी, आपल्या ग्रामपालिकेच्या शाळेची टॅक्सी चालवते. लांबच्या वस्त्यांवरची मुले सकाळी शाळेत आणणे व दुपारी परत पोचवणे हे माझे काम. प्रस्तुत कागदास अर्ज म्हटले असले तरी त्यात विनंती फारशी नाही. नकार कळवण्यासाठी कार्यालयाकडे वेगळा नमुना नसल्याचे खिडकीवर सांगण्यात आले, म्हणून याच मांडणीत लिहीत आहे.

२. मी बऱ्याच हिवाळ्यांपासून नागरिक-विज्ञानाच्या एका संकेतस्थळावर ध्रुवप्रकाशाच्या नोंदी पाठवते. संध्याकाळचे जेवण झाले की मी तळ्याच्या धक्क्यावर जाते, गाडीचे दिवे मालवते, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ देते आणि वर बघते. दिसला तर रंग कोणता, किती उंचीवर, हलत होता की स्थिर, हे लिहायचे असते. दिसला नाही तर ‘दिसला नाही’ असे लिहायचे आणि ढग किती होते ते सांगायचे. जगभरचे लोक असे लिहितात. नकाशावर ‘दिसला’चे हिरवे ठिपके उमटतात आणि ‘नाही’चे लाल. प्रकाश कुठवर पोचेल याचे शास्त्रज्ञांनी आधी बांधलेले अंदाज या ठिपक्यांशी ताडून पाहिले जातात. अंदाज कुठे चुकला ते लाल ठिपक्यांवरून कळते, म्हणून ते ठिपकेही तितकेच मोलाचे आहेत, असे संकेतस्थळावरच स्पष्ट लिहिले आहे. श्री. केस्तिला यांनी ते वाचलेले दिसत नाही.

३. आता घडलेला प्रकार. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी आभाळ गोधडीसारखे गच्च होते. काचेच्या घुमटांमध्ये पाहुणे उतरवणाऱ्या कंपनीची बस धक्क्यावर आली. पाहुणे बर्फावर उतरले. त्यांच्या वाटाड्याने टेकडीच्या माथ्यावरच्या हिरवट झाकेकडे हात केला आणि सांगितले, “तो बघा! डोळ्यांना जरा फिका वाटेल, पण कॅमेऱ्यात नीट येतो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी डोळे पुसले.

महोदया, ती झाक टेकडीवरच्या, स्की खेळायच्या बर्फाच्या घसरणीला यंदा बसवलेल्या नव्या दिव्यांची होती. त्यांचा उजेड ढगांवर पडत होता. थोड्या वेळाने घसरण बंद झाली, राखणदाराने खटका ओढला आणि वाटाड्याचा ध्रुवप्रकाश एका क्षणात विझला. तेव्हा वाटाड्या म्हणाला, “बघितलंत? हा असाच असतो. लहरी!”

मी कोणाला काही बोलले नाही. पाहुण्यांच्या आनंदात माती कालवण्याची मला हौस नाही. मी गाडीत बसून नोंद केली : दिसला नाही. पूर्ण ढगाळ. टेकडीवर दिसणारी हिरवी झाक घसरणीच्या दिव्यांची आहे. एवढेच.

४. त्या बसमधल्या कोणीतरी रात्रीच्या जेवणावर संकेतस्थळ उघडले, आपल्या गावावरचा लाल ठिपका दाबला आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. पुढे काय झाले ते कंपनीच्या तक्रारीत आपण वाचले असेलच.

दुसऱ्या दिवशी श्री. केस्तिला मला पेट्रोल पंपाच्या कॉफीघरात भेटले. पंपाचा मालक आर्वो समोरच पेले पुसत होता, त्यामुळे पुढील संभाषणास साक्षीदार आहे.

“तैमी, एवढासा लाल ठिपका. काढून टाकलात तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“कोसळणार नाही. पण त्या दिवशी ते झाकलेलं होतं.”

“अहो, लोक हजारो मैलांवरून येतात. त्यांना आनंद हवा असतो.”

“मग त्यांना आनंद द्या. प्रकाश दिला म्हणून कशाला सांगता?”

यावर आर्वो म्हणाला, “तोपी, तू असं कर. घसरणीच्या राखणदारालाच पगारी ध्रुवप्रकाश नेम. तो तरी वेळेवर लागेल आणि वेळेवर विझेल.” श्री. केस्तिला कॉफी अर्धी टाकून निघून गेले. त्यानंतर संदर्भ क्र. १ चे पत्र आले.

५. सदर पत्रात माझ्याकडून तीन गोष्टी अपेक्षिल्या आहेत : नोंद काढावी, कंपनीची क्षमा मागावी आणि यापुढे प्रत्येक नोंद पाठवण्यापूर्वी पर्यटन विभागाची मान्यता घ्यावी. अन्यथा शाळेच्या टॅक्सीच्या कराराचा “फेरविचार” होईल. तिसऱ्या अटीबाबत मी कार्यालयात समक्ष चौकशी केली. पर्यटन विभाग उजेड असतानाच बंद होतो. ध्रुवप्रकाश अंधार पडल्यावर येतो. मान्यता कोण देणार, असे मी विचारले असता खिडकीवरील बाईंनी सांगितले, “तुम्ही आदल्या दिवशी अर्ज करून ठेवा ना.” म्हणजे उद्या मला काय दिसणार आहे हे मी आज कळवावे. हे मला जमणार नाही. खुद्द शास्त्रज्ञांनाही ते धड जमत नाही, आणि म्हणूनच ते आमच्यासारख्यांना विचारतात.

६. इथवरचे सर्व मी हसण्यावारी नेले असते. परंतु त्याच आठवड्यात माझ्या दारावर एक पाहुण्या बाई आल्या आणि त्यांच्यापुढे माझे हसणे थांबले. हा भाग आपण शांतपणे वाचावा.

बाईंचे नाव ग्रासिंदा मोराइश. पोर्तुगालच्या आतल्या डोंगराळ भागात राहतात, वय माझ्याहून बरेच जास्त. पंपावर पत्ता विचारत आल्या होत्या. त्या पोर्तुगीज बोलत होत्या, मी फिनिश, आणि टेबलावर ठेवलेला फोन एकीचे दुसरीला सांगत होता. फोनला राग येत नाही. बाई थरथरत बोलत होत्या आणि फोन ते बँकेतल्या माणसासारखे थंडपणे सांगत होता.

“ते लाल तुम्ही लिहिलंत?”

“मी लिहिलं.”

“माझी बहीण ओदेत अंथरुणाला खिळलीय. लहानपणी दोघींनी ठरवलं होतं, एकदा तो उजेड बघायचा. तिला आता जमायचं नाही, म्हणून मी एकटी आले. त्या रात्री बर्फावरून तिला फोन केला. म्हटलं, ओदेत, मी बघतेय, हिरवा आहे! ती रडली, मी रडले. आणि तुम्ही त्याच रात्री मला सांगता की तो दिवा होता? काय मिळालं तुम्हाला?”

मी कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव पुढे केला. त्यांनी हात लावला नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी मी फोन हातात घेतला आणि ती नोंद उघडली. जे काम श्री. केस्तिलांच्या पत्राने झाले नाही ते त्या बाईंच्या डोळ्यांनी जवळजवळ करून टाकले होते. मी म्हणाले, “काढू का?”

बाईंनी फोनवरचा लाल ठिपका बोटाने चाचपला. मग म्हणाल्या, “काढलंत तर तो उजेड होईल का?”

“नाही.”

“मग काढून काय करू!” असे म्हणून त्यांनी पाव उचलला आणि रागारागाने खाल्ला.

७. त्यांचे विमान दुसऱ्या दिवशी होते. मी संकेतस्थळ पाहिले. सीमेकडच्या भागात आभाळ मोकळे असून आदल्या संध्याकाळी तिथून हिरवे ठिपके आले होते. मुले घरी पोचवल्याबरोबर मी बाईंना शाळेच्या टॅक्सीत बसवून उत्तरेला निघाले. (सरकारी कामाव्यतिरिक्त वाहन वापरल्याचा हा कबुलीजबाब समजावा. इंधन माझे होते.)

तिथे आभाळ खरोखर स्वच्छ होते. गोठलेल्या तळ्यावर आम्ही रेनडिअरचे कातडे अंथरून बसलो. चांदण्या इतक्या की मोजायचे मनात येऊ नये. उजेड मात्र नव्हता. आम्ही वाट पाहत राहिलो. बाईंचे दात वाजत होते, पण त्या गाडीत जायला तयार होईनात. मध्येच त्यांनी माझा दंड धरला. “तो? तो काय तिथं?”

क्षितिजावर एक फिकट पट्टा होता. महोदया, मला फक्त मान हलवायची होती. त्या बाई समाधानाने घरी गेल्या असत्या आणि कोणालाही कधीही कळले नसते. मी म्हणाले, “ढग आहे. मागे चंद्र उगवतोय.”

त्यांनी दंड सोडला. मग खिशातून फोन काढला आणि बहिणीला लावला. माझ्या फोनने ऐकून मला जे सांगितले ते असे.

“ओदेत, त्या दिवशी मी बघितले ते डोंगरावरचे दिवे होते गं. मला फसवलं. आज खऱ्या जागी आलेय, पण उजेड नाही.”

पलीकडून खोकल्यात मिसळलेले हसू आले. “मग एवढ्या थंडीत करतेस काय तिथं, वेडे?”

“वाट बघतेय.”

“फोन ठेवू नकोस मग. मीपण बघते.”

ती बहीण फोनवर राहिली. दोघी फारसे बोलल्या नाहीत. अधूनमधून पलीकडून “आला?” आणि अलीकडून “नाही,” एवढेच. फोनची बॅटरी थंडीने संपेपर्यंत हे चालले. उजेड आला नाही.

परतीच्या वाटेवर बाईंनी माझा फोन मागितला. म्हणाल्या, “मलापण लिहायचंय तिथं. माझ्या नावानं.” त्यांनी स्वतः लिहिले : दिसला नाही. आभाळ स्वच्छ. आम्ही तिघी होतो.

८. संदर्भ क्र. २ च्या पत्रात ही दुसरी नोंदही काढण्यास मला सांगितले आहे. कारण, ती माझ्या फोनवरून गेली आणि तिच्यामुळे “संपूर्ण विभागाविषयी निराशाजनक चित्र” निर्माण होते. श्रीमती मोराइश या आपल्या ग्रामपालिकेच्या टॅक्सीचालक नसल्याने त्यांना कोणत्या कराराचा धाक घालावा हे कार्यालयाने ठरवावे. मी त्यांच्या नोंदीला हात लावणार नाही. माझ्याही लावणार नाही. क्षमा तर मागणारच नाही. उलट, कंपनीने त्या बसमधल्या प्रत्येकाची मागावी.

दरम्यान आर्वोने पंपावर मला आलेल्या पहिल्या पत्राची प्रत चिकटवली. तेव्हापासून गावातले बरेच जण संकेतस्थळावर नोंदी करू लागले आहेत. कालच्या ढगाळ संध्याकाळी आपल्या गावावर लाल ठिपक्यांचा पुरळ उठला होता. त्यात आपल्या चर्चच्या पाद्रीबाईंची नोंदही आहे. श्री. केस्तिला यांनी पत्रे छापून घेण्यास कागद मागवून ठेवावा.

९. आता शेवटचे, आणि माझ्या रागाचे खरे कारण.

गेल्या गुरुवारी उजेड आला. आला म्हणजे असा आला की गावातली कुत्री भुंकायची थांबली. हिरवा, कडेला लाल, तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत सळसळत होता. मी नोंद पाठवली आणि मग ग्रासिंदाबाईंना कळवले. आमचे असे ठरले आहे. रोज त्या विचारतात, रोज मी सांगते, आणि बहुतेक वेळा ‘नाही’ असेच सांगावे लागते. त्यांचे उत्तर लगेच आले : “ओदेतला सांगितलं. म्हटलं, फोटो मागवू का? ती म्हणाली, कशाला? त्या बाईने आला म्हटलंय ना, मग आलाय.” ओदेतबाई भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हसत होत्या म्हणे.

शुक्रवारी सकाळी मुले सोडून परतताना मी काचेच्या घुमटांच्या हॉटेलात डोकावले. दर्शनी फलकावर माझी गुरुवारची नोंद मोठ्या अक्षरांत छापून लावलेली होती. माझ्या नावासह. वर लिहिले होते, ‘स्थानिक जाणकाराची साक्ष’. खाली पर्यटन विभागाचा शिक्का होता.

म्हणजे माझा ‘हो’ कार्यालयाला शिक्का मारून हवा आहे आणि माझा ‘नाही’ पुसून हवा आहे. महोदया, ते दोन्ही एकाच माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहेत. ‘नाही’ पुसला तर ‘हो’वर कोणी का विश्वास ठेवावा?

१०. सबब कळवण्यात येते की :
दोन्ही पत्रांतील एकही मागणी मी मान्य करणार नाही. नोंदी यापुढेही जशा दिसतील तशा, कोणाच्याही मान्यतेवाचून जातील. टेकडीवरच्या दिव्यांना वरून झाकणे बसवावीत, ही मात्र विनंती आहे आणि ती गंभीरपणे घ्यावी. कराराचा फेरविचार खुशाल करावा. सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे मुलांना आणायला जाणार आहे. दुसरे कोणी जाणार असेल तर त्याला वस्त्यांचे रस्ते दाखवायला माझी ना नाही.

फलकावरचा कागद मी सर्वांसमक्ष काढून आणला आहे. स्वागतकक्षातील मुलीने “अहो, तो आमचा आहे!” असे म्हटले. मी तिला सांगितले, “कागद तुमचा. नाव माझं.” आणि निघाले.

माझा सर्वांत अलीकडचा ‘नाही’ जेव्हा हॉटेलच्या त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्याच शिक्क्यासह लागेल, तेव्हा हॉटेलने फलकावरचा हा कागद परत घेऊन जावा. तोवर तो कार्यालयाने सांभाळावा.

नम्र म्हणवून घेण्याची प्रथा आहे म्हणून नम्र,

(सही)
तैमी ओरायार्वी
शाळा-टॅक्सीचालक, हिर्वासवारा
दिनांक : १९ फेब्रुवारी

सोबत :
१) पर्यटन विभागाची दोन्ही पत्रे, मूळ प्रती. मला त्यांचा उपयोग नाही.
२) श्री. आर्वो यांचे साक्षीदार म्हणून निवेदन. त्यातील शेवटची ओळ त्यांच्या विनंतीवरून मी खोडली आहे.
३) हॉटेलच्या फलकावरून काढलेला कागद, टाचण्यांसह.

प्रत माहितीसाठी : श्रीमती ग्रासिंदा मोराइश व श्रीमती ओदेत, पोर्तुगाल.