मेढ्याचे अकरा डाव

माधवनगर,
१२ फेब्रुवारी १९९५

तीर्थस्वरूप आप्पासाहेब आणि आक्काताई यांना जावई मिलिंदचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल. दीक्षा बरी आहे. पिंकी पाचवीत गेल्यापासून जरा जास्तच बरी आहे (बापाला उलट उत्तर देते). आक्काताईंचा गुडघा काय म्हणतो? आणि आप्पा, तुमचे डोळे कसे आहेत? डोळ्यांचं मुद्दाम विचारतोय. त्याला कारण आहे, पण ते सांगायचं तर सांगलीपासून सुरुवात करावी लागेल.

गेल्या महिन्यात सांगलीत बुद्धिबळाची स्पर्धा झाली. मी नाव दिलं. का नाही देणार? दर मे महिन्यात मेढ्याला येतो, सासऱ्याशी एक डाव खेळतो आणि जिंकतो. अकरा वर्षं, अकरा डाव, अकरा विजय! तेही कुणावर, तर पलटणीत भल्या भल्या साहेबांना मात देऊन आलेल्या हवालदारावर! गिरणीत ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस मी शिल्लक ठेवला नव्हता. आमच्या फिटर खात्यानं तर हार घालून माझी रवानगी केली (हा फुलांचा, बाकीच्या हारी सांगलीत मिळाल्या).

सात फेऱ्यांत सहा डाव हरलो. सातव्याला समोरचा आलाच नाही, तो गुण मात्र मी मान ताठ ठेवून घेतला. पहिल्याच फेरीत नानासो म्हणून एक पेन्शनर मास्तर समोर आले. सोळा खेळ्यांत त्यांनी माझी पार वाट लावली आणि वर विचारलं, "आवं, ह्या खेळ्या लिवून घेताय त्या कशापायी?" मी म्हटलं, नियम आहे म्हणून. तर म्हणाले, "घरी जाऊन डाव परत मांडा. चुकलं तितं लाल खूण करा. दुसऱ्याची पुस्तकं वाचण्यापरीस आपलं पाप वाचावं, लय सुधारणा हुती."

मांडले. एक लाल रिफील संपली. दीक्षाला वाटलं, मी पिंकीचा गणिताचा पेपर तपासतोय. त्यातून कळलं ते असं, की मी तिसऱ्याच खेळीला वजीर बाहेर काढतो आणि मग त्याला वाचवत पळत सुटतो. घोडे बिचारे शेवटपर्यंत तबेल्यातच. सगळं कळलं, पण मन खट्टू झालं. म्हणून जरा बरं वाटावं यासाठी मेढ्याच्या डावांची वही काढली (ती मी पहिल्या वर्षापासून लिहितो, पुढच्या पिढीला शिकायला मिळावं हा हेतू).

आप्पा, तिथं लाल पेन तुमच्याच खेळ्यांवर चालायला लागलं! ८९ सालचा डाव घ्या. तुमचा हत्ती आणि माझा वजीर समोरासमोर, मधे चिटपाखरू नाही, खेळी तुमची. तुम्ही काय केलंत? कडेचं प्यादं एक घर पुढं सरकवलंत. मला वाटलं, मोतीबिंदू! काळजीनं दीक्षाला विचारलं, तर म्हणाली, आप्पा अजून सुईत दोरा ओवतात. मग ९२ चा मांडला. एका खेळीत मला मात होती. तुम्ही आपलाच घोडा आणून आपल्याच वजिराची वाट अडवलीत, आणि मला चांगलं आठवतंय, वर "वा जावईबापू!" म्हणालात.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. कोंबड्याची तंगडी जावयाला, पंख्याखालची खाट जावयाला, आणि डावही जावयालाच! अहो, मान द्यावा, पण इतका? खरं सांगतो, राग आला आणि वाईटही वाटलं. मेढ्याच्या स्टँडवर मी ज्या छातीनं उतरायचो, ती छाती तुमची मेहेरबानी होती. असो. तुम्ही वडीलधारे, माझी काही तक्रार नाही. आक्काताईंना नमस्कार.

आपला,
मिलिंद

ता. क. – तक्रार नाही असं लिहिलं, पण विनंती आहे. जूनमध्ये गिरणीच्या बुद्धिबळ संघातल्या शेवटच्या जागेसाठी माझी आणि सिद्धू जॉबरची (म्हणजे मुकादमाची) गाठ आहे. सिद्धू माझा सासरा लागत नाही. तो सोडायचा नाही. आणि जागा हुकली तर मला गिरणीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तेव्हा यंदा मे महिन्यात मी जावई आहे हे विसरा आणि मला सपाटून हरवा. कुठं चुकलो तेही तोंडावर सांगा.

ता. क. २ – ९१ च्या डावात मला तुमची एकही मुद्दाम केलेली चूक सापडली नाही. तो तरी मी खराच जिंकलो ना? तसं नसेल तर कळवू नका.

आप्पा, मी दीक्षा. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं तवा वाचलं. लग्न झाल्यावर पंधरा दिसांत हे शेजाऱ्यासंगं कॅरम हरले आन दोन दिस जेवले न्हाईत. म्हणून तर 'यांना हरवू नगा' अशी चिठ्ठी मी तुमाला धाडलेली. ते यांना अजून ठावं न्हाई, तुमीबी सांगू नगा. आता आपल्या तोंडानं मागत्यात, तर यंदा खुशाल हरवा. फकस्त आधी जेवून घेऊ द्या.