घरची ज्वारी

११ नोव्हेंबर १९५६, रविवार

दुपारी पाहुणे गेले. पुण्याचे पाच-सहा शाळामास्तर. ह्यांनी सगळं दाखवलं — गोठा, करडईचा घाणा, चरखा, गुळाची काहील. मग नेहमीचं वाक्य: "मीठ आणि रॉकेल सोडलं तर या घरात बाहेरचं काही येत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पंगत बसली. मी भाकरी वाढत होते. त्यांच्यातले वयस्कर मास्तर म्हणाले, "सिंधुवहिनी, घरच्या ज्वारीची गोडीच वेगळी."

ती ज्वारी बारामतीच्या बाजारची. हे दिवेलागणीला गाडीत कडब्याखाली पोतं घालून आणतात, पिंपळीत गावात कुणाला दिसू नये म्हणून.

मी आत गेले आणि पेटलेल्या चुलीतच फुंकत बसले.

१३ नोव्हेंबर

खालच्या रानात जाऊन आले. कालव्याच्या कडेनं सगळं पांढरं. लांबून वाटावं कुणी राख उधळलीय. ज्वारी वीतभर वर आली आणि पिवळी पडली. ढेकूळ जिभेला लावून बघितलं. खारट!

बेचाळीसला हे तुरुंगात होते. सुटून आले ते एकच मनात घेऊन — आपलं आपण पिकवायचं, तेच खायचं आणि येईल त्याला दाखवायचं, असं जगता येतं म्हणून. मी दळलं, कांडलं, सूत काढलं, आल्यागेल्याचं केलं. खोटं नव्हतं ते. इतकी वर्षं खरंच होतं. म्हणून तर आता घशाखाली घास उतरत नाही.

धड राहिलंय ते फक्त वरचं रान. माळाच्या अंगाला, विहिरीवरचं, लहानसं. तिथला गहू आणि भाजी, एवढंच आता आमचं.

१५ नोव्हेंबर

आज पुन्हा पोतं आलं.

२ डिसेंबर

शेजारचे दत्तोबा निरोप घ्यायला आले. त्यांचं रान आमच्या खालच्या रानाला लागून. ते वालचंदनगरला कारखान्यावर कामाला चाललेत, बायकापोरं घेऊन. म्हणाले, "पानी लई पाजलं वहिनी, आन् रान चिबडलं, खार वर आला. आता हितं कायबी यायचं न्हाय." गिऱ्हाईक मिळालं तर जमीन विकणार आहेत.

ते गेले. हे ओट्यावर बसून होते. मी म्हटलं, आपणही पाहुण्यांना यायला नको म्हणू. हे उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

२३ डिसेंबर

ते वयस्कर मास्तर परत आले. या खेपेला बायकोला घेऊन — चंद्राबाई. शांत बाई. पाय धुतले आणि पदर खोचून माझ्याबरोबर भाकरी थापायला बसली. आम्हाला मूलबाळ नाही वहिनी, म्हणाली, आता म्हातारपणी कुणाजवळ तरी राहावं वाटतं.

जेवणं झाल्यावर मास्तरांनी मनातलं सांगितलं. शाळेतून मोकळे होतायत. साताऱ्याकडची वडिलांची जमीन विकून इथं दत्तोबांचं रान घ्यायचं. "तुमच्यासारखं जगायचं, मोहनराव. तुमच्या शेजारी."

दत्तोबांनी जाण्याआधी रान नांगरलं होतं. पांढरं खाली गेलेलं. वरून काळंभोर दिसत होतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे स्वतःच्या पायाकडे बघत होते.

२४ डिसेंबर

सकाळी धारेच्या वेळी म्हटलं, मास्तर जायच्या आत सांगा त्यांना. हे म्हणाले, चर खणले की पाणी निघून जाईल, रान सुधारेल. मी म्हटलं, सुधारेल तेव्हा सुधारेल, आज सांगा. तर म्हणाले, "आजवर हितं जेवून गेली ती समदी मानसं काय म्हनतील?"

मला वाटलं होतं ह्यांना मास्तरांची काळजी असेल.

१४ जानेवारी १९५७, संक्रांत

तीळगूळ कुणाला दिला नाही. हे म्हणाले, मास्तर आले की सांगतो. शपथ घेतली.

२० जानेवारी

मास्तर आणि चंद्राबाई आले. हे वैरण टाकायला म्हणून गोठ्यात गेले ते बाहेर आलेच नाहीत.

मी दोघांना खालच्या रानात नेलं. माती उचलून मास्तरांच्या हातावर ठेवली. सगळं सांगितलं. आमचं रान, दत्तोबांचं रान, दोन्हीचं. त्यांनी ती बोटांत चुरली. मग विचारलं, "आणि ज्वारी? आम्ही खाल्ली ती?"

"बाजारची."

चंद्राबाई बांधावर बसली.

मास्तर हळूच म्हणाले, "खरेदीखत झालंय वहिनी. साताऱ्याची जमीनही गेली. आता परत जायला काही नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात झटकले, बायकोला उठवलं आणि दोघं सडकेकडे चालत गेली. आमच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही.

२१ जानेवारी

चूल पेटवली नाही. ह्यांनी विचारलं नाही.

२७ जानेवारी

बावड्याहून माणसं आली, शेत बघायला. ह्यांनी त्यांना दारातूनच सांगितलं, बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. माणसं ओशाळून गेली. दारातून कुणी उपाशी परत गेल्याचं या घरात आज पहिल्यांदा बघितलं.

३ फेब्रुवारी

मास्तर आणि चंद्राबाई दत्तोबांच्या छपरात राहायला आले. एक ट्रंक, वळकट्या, पितळी भांडी. आमची विहीर हाकेच्या अंतरावर. चंद्राबाई घागर घेऊन आमच्या दारावरून पुढे गेली, ओढ्याला. या वयात! मी हाक मारली. तिनं मान वळवली नाही.

संध्याकाळी बघितलं, मास्तर धोतर खोचून एकटेच चर खणत होते. दोन-चार घाव घालायचे, कुदळीवर टेकायचे. हेही बघत होते. मला वाटलं जातील. गेले नाहीत.

आता मला इथं काहीच नको वाटतं. घर नको, रान नको, माणूसही नको.

८ फेब्रुवारी

हे सकाळीच मास्तरांना घेऊन बारामतीला गेले. दिवस मावळताना परतले. वरचं रान मास्तरांच्या नावावर केलं, विहिरीसकट. उभ्या गव्हासकट. त्याच्या बदल्यात दत्तोबांचं घेतलं आपल्याकडे. मला विचारलं नव्हतं.

बैल सोडताना म्हणाले, "उद्यापास्नं वर पाय टाकायचा तर त्यास्नी इचारून."

मी व्हय म्हटलं.