सोडले आहे

दि. ४ जून

प्रिय ताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

मी सुखरूप पोचलो. गाडीत शेजारच्या गृहस्थाने सबंध प्रवासभर माझ्या खांद्याची उशी केली. तू बाही आखूड करून दिलेला कोट मात्र चुरगळला नाही. तुझ्या हाताला यश आहे. सभेत दोघातिघांनी शिंपी कोण म्हणून विचारलं, मी ऐटीत सांगितलं की शिंपीण आहे आणि माझी थोरली बहीण आहे.

आता जे लिहायचं ते लिहितो. रविवारी तुमच्या चर्चमध्ये मी उपदेश केला. आपला विश्वास खरा आहे की नुसती सवय, हे ज्याचं त्याने तपासावं, हा विषय होता. ताई, वरून सगळं दिसतं गं. प्रभूच्या प्रार्थनेत सगळे एका सुरात बोलत होते आणि एका ओळीला तू ओठ मिटलेस. मला वाटलं खोकला आला असेल. बुधवारच्या प्रार्थनेलाही तेच झालं आणि त्याच ओळीला. आम्ही आमच्या अपराध्यांना सोडले आहे, तसं तू आम्हाला सोड, ती क्षमेची ओळ. पुढच्या ओळीला तू पुन्हा सगळ्यांबरोबर होतीस.

रागावू नकोस. आपण चर्चमध्येच लहानाचे मोठे झालो. अशा माणसांना बाक ओळखीचा असतो म्हणून ती त्यावर बसतात, देव ओळखीचा असतोच असं नाही. मला तुझी काळजी वाटली म्हणून पाळकसाहेबांच्या कानावर घातलं, प्रार्थनेचा विषय म्हणून. तू स्वतःची परीक्षा कर. तोवर प्रभुभोजनाच्या भाकरी-प्याल्याला हात लावला नाहीस तर बरं. आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. ती कशी गेली ते तुला माहीतच आहे.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
भोंगा

दि. १० जून

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद. (हे सवयीने लिहिलेत. पुढचं वाचून ते तुला लागू आहेत की नाहीत ते तूच ठरव.)

तुझं पत्र दुकानात वाचलं. वाचता वाचता मशीन चालू राहिलं आणि गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेले. ते उसवेपर्यंत पाळकसाहेब आले. स्टुलावर बसले, माझा खडू हातात घेऊन फिरवत राहिले आणि म्हणाले की लहान मुलांचा रविवारचा वर्ग मी काही दिवस दुसऱ्या कोणाला द्यावा, माझं मन स्थिर होईपर्यंत. बोटं खडूने निळी करून घेऊन गेले बिचारे. तो वर्ग आईने चालवला आणि आईनंतर मी. तू कोणाच्या तरी कानात फुंकलंस आणि तो माझ्या हातून गेला. याला तू प्रार्थनेचा विषय म्हणतोस. आमच्या गल्लीत याला चहाडी म्हणतात.

मी गप्प का बसते ते विचारायची तसदी तू घेतली नाहीस. मी सांगते. त्या ओळीत 'सोडले आहे' असं आहे. 'सोडू' नाही, 'सोडायचा विचार आहे' असंही नाही. काम झालं, धागा तोडला, कपडा गिऱ्हाइकाच्या हातात दिला, असं आहे ते. एका माणसाला मी सोडलेलं नाही. मग सोडले आहे असं डोळे मिटून देवाच्या तोंडावर कसं सांगू? उरलेली प्रार्थना मला म्हणता येते, म्हणून ती म्हणते.

आमच्या मंडळीत दोन सख्खे भाऊ आहेत. एका भिंतीवरून त्यांच्यात वैर आहे, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात आणि ती ओळ सगळ्यात मोठ्याने तेच म्हणतात. त्यांच्या विश्वासाची परीक्षा घ्यावी असं तुला वाटलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. मी शिवण तपासते तेव्हा कपडा उलटा करून बघते. तू लांबून ओठ बघितलेस आणि निकाल दिलास.

आणि आईचं नाव या भांडणात घेऊ नकोस. हे बजावून सांगते आहे.

कळावे,
ताई

दि. १५ जून

ताईस,
सलाम वि. वि.

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मी काळजीने लिहिलं आणि तू मला चहाडखोर ठरवलंस. ठीक आहे.

पण एक ऐक. खोटं बोलत नाही म्हणून गप्प बसते, हे ऐकायला फार छान वाटतं. किती वर्षं गप्प बसणार आहेस? ती ओळ चुकवून पुढे जाता येतं हे तुला कोणी सांगितलं? तुला न सोडण्याची सवय झाली आहे आणि तिला तू प्रामाणिकपणा असं नाव दिलं आहेस. त्या दोघा भावांना निदान ओळ पाठ आहे, कधीतरी ती त्यांना टोचेल. तू तिच्या वाटेलाच जात नाहीस.

तो माणूस कोण आहे, सांग. दुकानाचा मालक का? की तुझ्या सासरचं कोणी? नाव सांग, मी त्याच्यापुढे जाऊन हात जोडतो. पण हा काटा काढ.

आणि आईचं नाव मी घेणार. ती माझीही आई होती. शेवटी तिचा चेहरा कसा उजळला, ती कशी हसली आणि 'दार उघडं आहे' म्हणून कशी शांतपणे गेली, हे मी प्रत्येक सभेत सांगतो. ती साक्ष ऐकून माणसं रडत विश्वास धरायला पुढे येतात. ती शांतपणे गेली हे तूच मला सांगितलंस.

तुझा भाऊ

दि. १९ जून

भोंग्या,

आज मायना नाही.

तो माणूस तू आहेस. आता आरशापुढे उभा राहा आणि जोड हात.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनी तू तिची ती गोष्ट पहिल्यांदा सांगितलीस. मी समोर बसले होते. उपदेशानंतर प्रार्थना झाली आणि त्या ओळीला माझी जीभ टाळ्याला चिकटली ती आजपर्यंत.

मी तुला 'आई शांत झाली' एवढंच म्हटलं होतं. दुपारभर ती ओरडत होती, चादर ओढत होती, मग तिचा आवाज थांबला. ते माझं 'शांत झाली'. तू त्याचं 'शांतपणे गेली' केलंस. तू पोचल्यावर बाहेर नर्स तुला म्हणाली की आई दाराचं काहीतरी बोलत होत्या. या दोन चिंध्यांचा तू पायघोळ झगा शिवलास. शिवणारी म्हणून सांगते, कारागिरीला तोड नाही.

आता खरं ऐक. तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं की जन्मभर लहान मुलांना जे शिकवलं ते मी खरंच मानत होते, का नुसतंच म्हणत होते. ती घाबरली होती रे. मी म्हटलं, मला माहीत नाही आई, पण मी इथे आहे. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. मग तिने तुझी चौकशी केली. तू सभेत होतास. सभा आटोपून येतो असा तुझा निरोप होता. नर्स आवाज नको म्हणून दार लोटून घ्यायची आणि आई मला पुन्हा उघडायला लावायची. म्हणाली, "दार उघडं ठेव. भोंगा येईल."

ते तुझं दार. स्वर्गाचं नव्हतं, इस्पितळाचं होतं. त्याचा हिरवा रंग खालून सोलला होता. शांत होईपर्यंत ती तिकडेच बघत होती आणि हसली वगैरे नाही.

तू तिची भीती पुसून टाकलीस, म्हणून मी तुला सोडलेलं नाही. आला नाहीस ते मी कधीच गिळलं, माणसाला उशीर होतो. पण आपला विश्वास खरा आहे का, हा जो प्रश्न तू जगाला विचारत हिंडतोस, तो तिने शेवटच्या दिवशी स्वतःला विचारला. तिच्याएवढ्या धीराने तो कोणी विचारलेला मी पाहिला नाही. आणि तू तिला हसरी केलीस. तुझ्या सभेत येऊन तिने हे विचारलं असतं, तर तिचंही प्रभुभोजन तू बंद केलं असतंस.

ताई

दि. २ जुलै

ताई,
सलाम.

तुझं पत्र मी फाडलं. पण तोवर ते पाठ झालं होतं, त्यामुळे उपयोग झाला नाही.

मला तुझा राग आला आणि तो अजून आहे. स्मृतिदिनीच मला कोपऱ्यात ओढून चार थोबाडीत का दिल्या नाहीस? इतकी सभागृहं मी ती गोष्ट सांगत फिरलो.

रविवारच्या सभेत आईच्या गोष्टीची जागा आली. पेटी वाजवणाऱ्याला ती ठाऊक आहे, तिथे तो हळूच सूर धरतो. मी हाताने थांब म्हटलं, त्याला वाटलं आणखी हळू म्हणतो आहे. मग त्या सुरांवरच मी बोललो. आई घाबरली होती, असं सांगितलं. तिने काय विचारलं ते सांगितलं. दार माझ्यासाठी होतं आणि मी असाच एका व्यासपीठावर उभा होतो, हेही सांगितलं. पुढे कोणी आलं नाही. सभा भरवणाऱ्यांनी मला बाजूला घेऊन तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. पुढच्या महिन्याची सभा त्यांनी तूर्त पुढे ढकलली आहे.

सगळे गेल्यावर एक बाई थांबली होती. जुनी गोष्ट ऐकून ती विश्वासात आली होती. ती खोटी निघाली, तर आता माझ्या विश्वासाचं काय करू, असं तिने विचारलं. मी तिचा पत्ता तेवढा लिहून घेतला. माझ्याकडे आहे तो विश्वास आहे की नुसता आवाज, हे माझं मलाच कळेनासं झालं आहे. लहानपणी सगळ्यांनी नाव बरोबर ठेवलं होतं.

पाळकसाहेबांना लिहिलं आहे की चूक माझी होती, वर्ग तुला परत द्यावा. तुझी क्षमा पत्रातून मागायला तोंड नाही.

तुझा,
भोंगा

दि. ९ जुलै

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद. (या वेळी सवयीने नाहीत.)

एकदा खरं बोललास म्हणजे सगळं धुऊन निघालं असं समजू नकोस. मला अजून राग आहे. काल इस्त्री करताना तुला मनातल्या मनात इतकं बोलत होते की एका शर्टाची कॉलर करपली. ती बदलून देताना पुन्हा तुलाच बोलले.

त्या बाईकडे जा. उपदेश करू नकोस, नुसता बस. तिने आईचाच प्रश्न विचारला आहे. मला जमलं तेवढं उत्तर मी आईला दिलं होतं, ते तुला आता माहीत आहे. त्याहून चांगलं सुचलं तर मलाही कळव.

तुझं एक वाक्य मात्र टोचलं. न सोडण्याची मला सवय झाली आहे, असं तू लिहिलं होतंस. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी आग होते त्या अर्थी ते खरं असावं.

परवाच्या रविवारी ती ओळ आली. 'सोडले आहे' म्हणवेना, कारण सोडलेलं नाही. पण गप्पही बसवेना. तोंडातून निघालं, 'सोडते आहे'. सगळे 'ले'वर होते आणि मी एकटी 'ते'वर. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने मान वळवून बघितलं. बाहेर पडताना पाळकसाहेबांनी विचारलं, ओळ चुकली का. मी म्हटलं, चुकली नाही, काम तिथवरच आलं आहे. त्यांनी खिशातून वर्गाच्या कपाटाची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

आता तू ये. मी आईसारखं दार उघडं ठेवणार नाही, तेवढं माझं मन मोठं नाही. तू वाजव. जोरात वाजव, मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. मी उठून उघडीन.

लोभ आहे. तो वाढण्याचं तू आल्यावर बघू.
तुझी,
ताई