सात नंबरचा बिल्ला

१ तारीख, सोमवार

नोकरी पक्की झाली. दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला काट्यावर उभं केलं, कागदावर 'बासष्ट किलो, कामास योग्य' असं लिहिलं आणि शिक्का हाणला. मग पितळी बिल्ला दिला. त्यावर दोन आकडे ठोकलेले : वर चौदा, हा माझा नंबर, खाली बासष्ट, हे माझं वजन. वजन कशाला, विचारलं, तर म्हणाला, कधी पडलात तर बाहेर ओढायला किती माणसं लागतील ते कळायला नको?

रसायनांची पिंपं ठेवलेले नऊ कंटेनर एका ओळीत उभे आहेत. आतली जमीन म्हणजे लोखंडी जाळी आणि जाळीखाली गुडघाभर खोल हौद. पिंप फुटलं तर माल हौदात राहावा, मातीत जाऊ नये. रोज नऊ हौदांत किती लिटर साठलंय ते दाखवणाऱ्या तबकड्या वाचायच्या, वहीत आकडे लिहायचे, झाकणं तपासायची. चौदा वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या पुसल्या, त्यापुढे हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ. शाळाच बंद पडली नसती तर इथं आलेही नसते म्हणा.

वीस तारखेपर्यंत एकही दिवस न चुकता भरला की राहायला खोली. मग लेकीला, चिमणीला, दादा-वहिनीकडून घेऊन यायचं. दहा वर्षांची आहे. फोनवर म्हणाली, बॅग भरून ठेवलीय, उगाच उशीर करू नकोस.

३ तारीख, बुधवार

मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, ठिणगीच्या भीतीने. ही रोजनिशीची वही मात्र कोटाच्या खिशात असते.

गेटवरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला सगळे कुलूपमामा म्हणतात. पाचच्या ठोक्याला कंटेनर बंद करत निघतात. कान पार गेलेले, म्हणून इथला नियम डोळ्यांचा आहे : आत जाताना आपला बिल्ला दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचा. खुंटीवर बिल्ला असला की मामा दाराला हात लावत नाहीत. खुंटी रिकामी दिसली की दार ओढून दांडे टाकतात. आतून उघडायची सोय नाही. ताई, ब्रह्मदेव जरी आत असला तरी बिल्ल्याशिवाय मला दिसत नाही, असं म्हणून स्वतःच खूप हसले.

५ तारीख, शुक्रवार

सात नंबरच्या कंटेनरच्या खुंटीवर एक हिरवट पडलेला बिल्ला लटकलेला असतो. अकरा, एकाहत्तर. माझ्या आधी या कामावर एक उंच माणूस होता, सगळे लंबू म्हणायचे, त्याचा. गेल्या वर्षी एक दिवस हिशेब न घेताच निघून गेला, असं कोठीवाले भाऊ म्हणतात. तेव्हापासून सातचं दार कधी लागलंच नाही. भाऊ म्हणाले, राहू द्या, आपलं काय अडतंय?

मला नाही राहवलं. वस्तू जागेवर नसली की माझा हात शिवशिवतो. शाळेत मुलं मला जागेवर-बाई म्हणायची. बिल्ला काढला, चिंचोक्याएवढा मळ खरवडला, पुसला आणि कोठीत जमा केला. भाऊ बिल्ल्याकडे बघत राहिले, मग त्यांनी तो खणात टाकला. संध्याकाळी मामांनी वर्षभरात पहिल्यांदा सातला दांडे घातले.

८ तारीख, सोमवार

दोन गोष्टी.

सातच्या हौदात नेहमीच वीतभर काळं पाणी असतं, पंप तिथं चालत नाही. तबकडी आल्यापासून १९११ लिटर दाखवत होती. आज १८४०. एकाहत्तर कमी. हौदाखालची जमीन कोरडी, नाली कोरडी. जाळीपासून दारापर्यंत ओल्या पावलांचे डाग होते, दाराच्या आतल्या अंगाला दोन ओले पंजे. माझ्या डोक्याच्याही वर. बाहेरचे दांडे मात्र तसेच घातलेले.

आणि मामांनी सांगितलं, रविवारी लंबूसारखा एक उंच माणूस गेटवर आला होता. बुटांतून पाणी गळत होतं. माझा बिल्ला जमा झाला का, एवढंच खुणेने विचारलं. मामांनी हो म्हणून मान डोलावली तसा जमिनीला डोकं टेकून रडला आणि रस्त्याने पळत सुटला.

९ तारीख, मंगळवार

गेल्या वर्षीची आकड्यांची वही काढली. लंबूची शेवटची सही आहे त्या दिवशी सातचा आकडा १८४० वरून १९११ वर गेलाय. पिंपं सगळी भरलेली, एका थेंबाची गळती नाही.

म्हणजे वर्षभर तो—

भाऊंना दाखवलं. काटा अडकला असेल म्हणाले. पण बोलताना खणाला कुलूप लावत होते.

१२ तारीख, शुक्रवार

चार नंबरच्या कंटेनरमध्ये होते. बाहेर आले तर खुंटी रिकामी. माझा बिल्ला सातच्या खुंटीवर. भाऊंवर तडकले, असली थट्टा मला खपत नाही म्हटलं. त्यांनी आईची शपथ घेतली. चेहरा पांढरा पडला होता त्यांचा.

१५ तारीख, सोमवार

पुन्हा. या वेळी मी दोनमध्ये होते.

आता बिल्ला सुतळीत ओवून गळ्यात बांधलाय. प्रत्येक कंटेनरपाशी सोडते, पुन्हा बांधते.

१७ तारीख, बुधवार

आकड्यांच्या वहीत वीस तारखेसमोर सातचा आकडा आधीच लिहिलेला आहे. १९०२.

अक्षर माझं.

१८४० आणि बासष्ट. तीन वेळा बेरीज केली.

भाऊ म्हणाले, पुढचे आकडे आधी भरून ठेवायची खोड बरी नाही. त्यांनीच तो खोडला. मग हळूच म्हणाले, ताई, सोडून जा. मी म्हटलं, आणि पोरीला कुठं नेऊ? वहिनीने तिची गादी कालच दुसऱ्याला दिली. तीन दिवस. फक्त तीन.

१९ तारीख, शुक्रवार

सातमध्ये जाळीखालून टकटक. मी थांबले की थांबते.

चिमणी उद्या रात्रीच्या गाडीने निघणार, दादा परवा नऊला गेटवर सोडून जाईल. मामांना पटवून ठेवलंय, तिला आत घेऊन येतील. तिला पिंपं बघायची आहेत.

२० तारीख, शनिवार, दुपार

आठ कंटेनर झाले. सात राहिलाय. आजच्या नऊही सह्या नसतील तर दिवस भरला नाही, खोली नाही. भाऊ लवकर घरी गेले, माझ्याकडे न बघता.

मी ठरवलंय. बिल्ला खुंटीला लावायचाच नाही. खुंटीवर नाही म्हणजे मी आत नाही. दार लागू नये म्हणून वाळूची बादली लावते. पाचला अजून वीस मिनिटं आहेत. तबकडी वाचायची, सही करायची, बाहेर. दोन मिनिटांचं काम.

शनिवार, सातमध्ये

शनिवारी मामा लवकर निघतात. हे मला कुणी सांगितलं नाही, आधीच्या दोन्ही शनिवारी मी त्याआधीच गेले होते.

बादली सरकल्याचा आवाज आला. मग दांडे. ओरडले, दार बडवलं, पान्याने पत्रा ठोकला. मामांच्या चपला सावकाश लांब गेल्या. त्यांची काय चूक? खुंटी रिकामी होती.

उद्या सुट्टी. मामा सोडून कोणी नाही.

झरोक्यातून उजेड येतोय तोवर लिहिते.

—

टकटक नाही आता. जाळी खालून कोणीतरी मोजत असल्यासारखं. एका टोकापासून माझ्या पायांपर्यंत.

पिंपावर चढले.

—

गळ्यात सुतळी आहे. बिल्ला नाही.

झरोक्याला डोळा लावला. खुंटी दिसते. लटकतोय. चौदा, बासष्ट. हलतोय अजून, आत्ताच कोणी अडकवल्यासारखा.

आधी हायसं वाटलं. वेडी. मामा सकाळी बिल्ला बघतील, दार उघडतील असं—

नाही उघडणार. बिल्ला असला की ते दाराला हात लावत नाहीत.

—

पाणी जाळीच्या वर आलंय. थंड नाही. अंगाएवढं कोमट.

तबकडी मात्र १८६१च.

—

आता कळलं. लंबू एक वर्ष आत होता. मी बिल्ला काढला म्हणून सुटला. आणि ज्याने काढला, त्याचा नंबर—

१८७९. पाणी पिंपावर आलंय. बूट सुटत नाही. धरलाय.

—

हे पान झरोक्यातून ढकलते. मामा, तुम्हाला वाचता येत असेल तर. दादा. कोणीही. उद्या नऊला ती येईल. मामा तिला इथून चालवत आणतील. बिल्ल्यावर माझं नाव नाही, पण ती आकडा ओळखेल, फोनवर मीच सांगितलाय.

चिमणे, बिल्ला काढू नकोस. आई आहे तिथं राहू दे. हात लावू नकोस, बाळा, पुसू नकोस, जागेवर

१८९८

जागेवर ठेवायची सवय तुला मीच लावलीय, तू आल्या आल्या पहिल्यांदा तोच