ग्रेबरच्या मक्यात रॉकेट

१२ जुलै, शनिवार
उडालं! मोठी रॉकेटं उडवायच्या परवान्यासाठीचं उड्डाण, एवढं दांडगं इंजिन, दोन हजार फूट — आणि खाली उतरायची हवाई छत्री वेळेवर उघडली! मी, शाळेतली अठ्ठावन्न वर्षांची स्वयंपाकीण, सगळ्या रॉकेट क्लबासमोर किंचाळले. मग वारा सुटला आणि रॉकेट थेट शेजारच्या शेतकऱ्याच्या, ग्रेबरच्या मक्यात. दोन तास शोधलं. मका डोक्याच्या वर, हात नुसते ओरबाडून निघाले. नाही सापडलं.

क्लबाचे तपासनीस हॉलिसबुवा ढिम्म. "छत्री मी पाहिली. पण रॉकेट हातात दे, धड दे, मग सही. हवेवर सही करत नाही मी."

खडूस म्हातारा!

१३ जुलै
वेंडल जेवायला. धाकटा भाऊ. गेल्या वर्षी परवाना मिळाल्यापासून कार्ड गळ्यात घालून हिंडतो — चर्चमध्येसुद्धा! "ताई, तू आपली पोरांना बटाटे वाढ. जमायचं नाही तुला." त्याला मुद्दाम करपलेला तुकडा वाढला.

कार्ड मला हवंच. त्याचं तोंड बंद करायला, आणि एकदा तरी काहीतरी माझ्या नावावर असावं म्हणून.

२ ऑगस्ट
मका अजून वाढतोय. मेला.

९ ऑक्टोबर
कापणी सुरू झाली. ग्रेबरने यंत्र थांबवून रॉकेट उचललं, दारात आणून दिलं. "उंदरांनी संसार थाटलाय बघ तुझ्या छत्रीत!" बाकी सगळं ठीक, पण एक पंख मोडलेला. म्हणजे नापास.

तो गेल्यावर पंख चिकटवला. घासला. लाल रंग मारला. कोणाला कळतंय?

११ ऑक्टोबर
हॉलिसबुवांनी रॉकेट फिरवून फिरवून पाहिलं. त्या पंखावर अंगठा जरा जास्तच वेळ. "बरं टिकलंय की," म्हणाले आणि सही ठोकली! "फॉर्म मी पाठवतो, कार्ड घरी येईल."

वेंडलने सगळ्यांदेखत मिठी मारली, गाढवाने. "उगाच चिडवत होतो गं, ताई. मला माहीत होतं तुला जमणार." डोळ्यांत पाणी त्याच्या! केक आणला होता त्याने. माझा तुकडा मी तसाच डब्यात भरला.

१७ ऑक्टोबर
कार्ड आलं नाही. बरं वाटलं. हे काय भलतंच!

२२ ऑक्टोबर
हॉलिसबुवांना फोन करून सांगून टाकलं — पंख मोडला होता, मी चिकटवला.

म्हणाले, "फॉर्म माझ्या खिशातच आहे. अकरा दिवसांत बोललीस, बाई. माझ्या परवान्याच्या वेळचा पंख चिकटवून तीस वर्षं झाली, मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."